दुखणं कुणाला दाखवू, नोकरीचं काय करू? नर्सेससाठी सविस्तर मार्गदर्शक

ओव्हर देऊन झाली, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवली, की ड्यूटी-रूममध्ये दोन तऱ्हेचे प्रश्न निघतात. एक असतो, "ताई, माझं बीपी बघता का जरा, डोकं जड झालंय." दुसरा, "इथंच राहू की आयसीयूसाठी अर्ज टाकू?" दोन्हींची उत्तरं उभ्या उभ्या दिली जातात आणि दोन्ही प्रश्न पुढच्या आठवड्यात तसेच परत येतात.

माझं म्हणणं असं की हे प्रश्न वेगळे नाहीत. राजीनामा द्यायला निघालेल्या सिस्टरला पुष्कळदा आधी चार रात्रींची नीट झोप हवी असते. कंबरेसाठी गोळी मागणाऱ्या ब्रदरला खरं तर रुग्ण वळवताना दुसरा माणूस हवा असतो. म्हणून क्रम पाळायचा: आधी शरीर, मग रोस्टर, मग करिअर. हा क्रम उलटा केला की माणूस हॉस्पिटल बदलतो आणि दुखणं सोबत घेऊन जातो.

आधी स्वतःची हिस्ट्री घ्या

रुग्ण म्हणाला, "थोडं डोकं दुखतंय, काहीतरी द्या," तर आपण तसंच काही देत नाही. कधीपासून, कुठे, कशाने वाढतं, आधी काय घेतलं, ॲलर्जी आहे का, हे सगळं विचारतो आणि लिहितो. स्वतःच्या बाबतीत मात्र राउंडला आलेल्या डॉक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठून, अर्धी हकिगत सांगून, चिठ्ठीच्या मागे औषधाचं नाव लिहून घेतो. त्याची ना नोंद राहते, ना तपासणी होते, ना फॉलो-अप.

एक वही किंवा मोबाइलमधली एक नोंद ठेवा. त्रास काय, कधी सुरू झाला, कोणत्या ड्यूटीत वाढतो, ऑफच्या दिवशी कमी होतो का, कोणती औषधं घेतली. पाळी चालू असेल तर तारखाही लिहा. मग रीतसर पेशंट म्हणून नाव नोंदवून, रोजच्या वॉर्डबाहेरच्या डॉक्टरांकडे जा. सहकाऱ्यापुढे आपण लाजेने निम्मं सांगत नाही आणि तोही संकोचाने निम्मं विचारत नाही.

बीपीचंच घ्या. धावपळीतून येऊन, लघवी रोखलेली असताना, बोलत बोलत काउंटरला टेकून घेतलेलं रीडिंग कामाचं नाही. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. अर्ध्या तासात चहा-कॉफी किंवा धूम्रपान झालेलं नको. मूत्राशय रिकामं हवं. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. असं घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ करा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर डॉक्टरांना भेटायलाच हवं. १८०/१२० च्या पुढे असून छातीत दुखतंय, धाप लागतेय, नजर धूसर झालीय किंवा एका बाजूला अशक्तपणा वाटतोय, तर सात दिवस थांबायचं नाही, सरळ कॅज्युअल्टी गाठायची.

आता पुढचा प्रश्न, जो ड्यूटी-रूममध्ये कुणी विचारत नाही: कंबरेसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन रोज चालू आहे का? या वेदनाशामकांनी बीपी वाढतं, रिकाम्या पोटी जठराला इजा होते आणि पाणी न पिता काढलेल्या नाइटमध्ये मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणजे कंबर, गोळी आणि डोकेदुखी ही एकच केस असू शकते. वही असेल तर ती एका नजरेत दिसते.

वॉर्डातल्या औषधांच्या ट्रॉलीतून स्वतःसाठी औषध काढू नका. नियमभंग आहे हे तर झालंच, पण अँटिबायोटिकचे दोन डोस घेऊन बरं वाटलं म्हणून सोडलं, तर नंतर कल्चरही (जंतू वाढवून करायची तपासणी) नीट येत नाही आणि दुखणंही पुरतं जात नाही.

तुम्हाला एखाद्या सहकारी सिस्टरने विचारलं, तर उत्तराआधी धोक्याच्या खुणा विचारा. घामासह छातीत दुखणं, अचानक आलेली भयंकर डोकेदुखी, तोंड वाकडं होणं, एकाच पायाला सूज आणि धाप, थंडीतापासह पाठीच्या कुशीत कळ, किंवा जगणं नको वाटण्याचे विचार. यातलं काहीही असेल तर तिचे रुग्ण दुसऱ्याकडे सोपवून तिला त्याच क्षणी तपासणीला न्यायचं. "ड्यूटी संपू दे" हे वाक्य इथे चालत नाही.

सुई टोचली तर

हा भाग पाठ असायला हवा, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही. साखर तपासून झालेली असते, शार्प्सचा डबा हाताच्या अंतरावर नसतो, सवयीने टोपण परत लावायला जातो आणि ग्लोव्हमधून बारीक लाल ठिपका दिसतो.

१. हातातलं काम थांबवा. रुग्ण सुरक्षित करून कुणाला तरी हाक मारा.

२. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, चोखू नका, ब्लीच किंवा तीव्र जंतुनाशक लावू नका. डोळ्यात शिंतोडा गेला असेल तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने भरपूर धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती ठेवूनच धुवायला सुरुवात करा, नंतर काढून लेन्स आणि डोळा पुन्हा धुवा.

३. लगेच इन्चार्जला कळवा आणि लेखी नोंद करा: वेळ, सुई पोकळ होती की टाके घालायची (सूचर नीडल), त्यावर रक्त दिसत होतं का, किती खोल गेली, ग्लोव्ह होते का.

४. रुग्णाची तपासणी संस्थेच्या नियमानुसार आणि संमतीने होते. तुमचं रक्तही त्याच दिवशी घेतलं गेलं पाहिजे. "मला काही नाही, कशाला तपासणी" असं म्हणून ते टाळू नका. घटनेच्या दिवशी तुम्ही निगेटिव्ह होतात याचा तोच एक पुरावा असतो.

५. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर, शक्यतो काही तासांत, सुरू करायची असतात. ७२ तासांनंतर ती सहसा देत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा. मळमळ होते म्हणून मधेच सोडू नका, त्यावर उपाय विचारा.

६. फॉलो-अपच्या तारखा तिथेच लिहून घ्या. सगळे रिपोर्ट येईपर्यंत कंडोम वापरा, रक्तदान करू नका. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

धास्ती किती घ्यायची, हेही आकड्यांत समजून घ्या. संसर्ग असलेल्या रुग्णाची सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, हिपॅटायटिस सी ची दोन टक्क्यांहून कमी. हिपॅटायटिस बी ची मात्र, लस न घेतलेल्या व्यक्तीत, ६ ते ३० टक्के. बहुतेकजणी ज्याला घाबरतात त्यापेक्षा हा कितीतरी मोठा धोका आहे आणि त्यावर लस आहे. नेहमीच्या वेळापत्रकात ० , १ आणि ६ महिने असे तीन डोस. पण तीन डोस झाले म्हणजे काम संपलं असं नाही. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे रक्तातल्या या प्रतिपिंडांचं प्रमाण, तपासा. तो १० किंवा त्याहून जास्त आला तर तुम्ही सुरक्षित. काहींच्या शरीरात लसीनंतरही प्रतिपिंडं तयार होत नाहीत आणि हे सुई टोचल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. टायटरचा रिपोर्ट जपून ठेवा. नवी नोकरी, परदेशी अर्ज, सगळीकडे तो लागतो.

कंबर

रात्री तीनला रुग्ण बेडवरून खाली सरकलेला दिसतो. सोबतची सिस्टर दुसऱ्या टोकाला. आपण काखेत हात घालून, कंबरेत वाकून, एका झटक्यात त्याला वर ओढतो. कंबरेच्या मणक्यांना सगळ्यात महागात पडतं ते हेच, कारण यात वाकणं, पीळ आणि वजन तिन्ही एकत्र येतात. शिवाय काखेतून ओढल्याने रुग्णाच्या खांद्यालाही इजा होऊ शकते.

हातांनी रुग्ण उचलण्यासाठी अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संशोधकांनी ठरवलेली मर्यादा ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो आहे आणि तीही अनुकूल परिस्थितीत. प्रौढ रुग्णाचा एक पायसुद्धा त्याच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे "नीट वाकायची पद्धत" शिकून हा प्रश्न सुटत नाही. उचलणंच कमी करावं लागतं.

आधी ब्रेक लावा. बेड कंबरेच्या उंचीपर्यंत वर घ्या. या दहा सेकंदांचा आपण फार कंटाळा करतो. डोक्याकडची बाजू सपाट करा, रुग्णाला ते झेपत असेल तर. त्याला गुडघे वाकवून टाचांनी रेटायला सांगा. पुष्कळ रुग्ण स्वतः अर्धं काम करू शकतात, त्यांना कुणी विचारत नाही. स्लाइड शीट (रुग्णाखालची घसरती चादर) असेल तर ती, नसेल तर ड्रॉ शीट (आडवी घातलेली साधी चादर), दोन्ही बाजूंना एकेक माणूस, आणि तीन म्हटल्यावर उचलायचं नाही, सरकवायचं. पाय फाकलेले, एक पुढे, वजन मागच्या पायावरून पुढच्यावर. पडणाऱ्या रुग्णाला हवेत झेलायला जाऊ नका, डोकं सांभाळत अंगालगत अलगद खाली बसू द्या.

दुखणं पायात उतरतंय, पाय बधिर होतोय, लघवी किंवा शौचावरचा ताबा बदललाय किंवा बैठकीची जागा बधिर वाटतेय, तर ताबडतोब तपासणी. साध्या कंबरदुखीत मात्र अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा हळूहळू चालत-फिरत राहणं चांगलं. आणि दुखणं ड्यूटीत सुरू झालं असेल तर घटना-नोंद कराच. नोंदी साठल्या की इन्चार्जकडे होइस्ट (रुग्ण उचलायचं यंत्र) मागताना हातात कागद असतो.

नाइट

सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते, असं १९९७ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलं. सकाळी सातला उठून, दुपारी न झोपता नाइटला आलेली सिस्टर रात्री बाराला त्याच अवस्थेत असते आणि ड्यूटी तर अजून पुढे आहे. म्हणून पहिल्या नाइटच्या दुपारी दीड-दोन तास झोपणं हा कामाचाच भाग समजा आणि घरच्यांनाही तसंच सांगा.

ड्यूटीत कॅफीन पहिल्या अर्ध्यात घ्या, झोपायच्या सहा तास आधी बंद करा. विश्रांतीची मुभा असेल तर २० ते ३० मिनिटांची डुलकी घ्या, पण उठल्याबरोबर डोसचं गणित करायला बसू नका, डोकं जागेवर यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पहाटे तीन ते पाच ही सगळ्यात घसरणीची वेळ. या वेळेतलं इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम आणि इन्फ्युजन पंपाचा रेट दुसऱ्याकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या. "बरोबर आहे ना?" असं विचारून मान डोलवून घेणं म्हणजे तपासणी नव्हे. दुसरीने आकडा स्वतः काढला पाहिजे.

परतताना गॉगल घाला, सकाळचं ऊन मेंदूला जागं करतं. डोळे मिटत असतील तर गाडी चालवू नका. खोली काळोखी आणि थंड ठेवा, फोन बाहेर. नाइट आणि ऑफ दोन्ही दिवशी झोपेचे निदान तीन-चार तास एकाच वेळी येतील असं बघा, त्याने शरीराचं घड्याळ थोडं तरी एका जागी राहतं. झोपेच्या गोळ्या किंवा मेलाटोनिन मनाने सुरू करू नका.

रोस्टर बनवणाऱ्यांना विनंती: सकाळ, मग दुपार, मग रात्र असं पुढे सरकणारं चक्र शरीराला जास्त झेपतं. सलग नाइट शक्यतो दोन-तीन, आणि दोन ड्यूट्यांमध्ये निदान ११ तास. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला "बहुधा कर्करोगकारक" गटात ठेवलं आहे. यावरून प्रत्येक नाइटला घाबरायचं कारण नाही. पण वर्षानुवर्षं त्याच तिघींच्या माथी नाइट मारणं, हे नुसतं गैरसोयीचं नाही, आरोग्याच्या दृष्टीनेही चूक आहे.

हात, पाय, लघवी

हात फुटत असतील तर आधी साबण कमी करा. हातावर घाण दिसत नसेल तिथे अल्कोहोल रब (हाताला चोळायचं जंतुनाशक) साबणापेक्षा त्वचेला कमी त्रासदायक असतो. रब आधीच फुटलेल्या त्वचेला झोंबतो, म्हणून उगाच त्याला दोष जातो. धुऊन लगेच वर रब लावू नका, ओल्या हातावर ग्लोव्ह घालू नका, ड्यूटीनंतर जाडसर क्रीम लावा. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जंतूच्या रुग्णाकडे मात्र साबण-पाणीच हवं, त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

पायांच्या शिरा फुगत असतील तर कॉम्प्रेशन मोजे सकाळी, सूज येण्याआधी चढवा.

लघवी रोखू नका. आणि लघवीला जावं लागेल म्हणून पाणी न पिणं तर अजिबात नको. जळजळ सुरू झाली तर अँटिबायोटिकच्या आधी तपासणी. थकवा ऑफनंतरही जात नसेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. स्त्रियांमध्ये, गरोदर नसताना, हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. "मला हे काम झेपत नाही" असं वर्षभर वाटणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन आठ निघतं, तेव्हा तिला करिअरचा सल्ला देण्यात अर्थ नसतो.

आता नोकरीचं

नाइट संपवून घरी जाताना राजीनाम्याचा निर्णय घेऊ नका. लागोपाठ दोन ऑफ झाल्यावर, झोप पूर्ण झाल्यावर कागद घ्या आणि तीन रकाने पाडा: शरीर, जागा, व्यवसाय. प्रत्येक तक्रार यातल्या एकात टाका. "पाठ मोडते" शरीरात. "इन्चार्ज सगळ्यांसमोर ओरडतात", "एका सिस्टरकडे वीस रुग्ण" जागेत. "आजारी माणसाच्या जवळ जाणंच नको वाटतं" व्यवसायात. बहुतेकांचा दुसरा रकाना सगळ्यात लांब निघतो. तेव्हा बदलायची असते ती जागा. नर्सिंग सोडायची गरज नसते.

तिसऱ्या रकान्याबाबत सावध राहा. थकून गेल्यासारखं वाटणं, रुग्णांविषयी कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काही चांगलं होत नाही असं वाटणं, ही तिन्ही एकत्र असली तर त्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या न हाताळलेल्या कामाच्या ताणातून येणारी अवस्था अशी केली. म्हणजे दोष तुमच्या स्वभावात नाही. पण ड्यूटीबाहेरही कशातच आनंद वाटत नसेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. आधी ते, निर्णय नंतर.

नव्यांसाठी खास. पहिल्या वर्षी शिकलेलं आणि वॉर्डात चालणारं यात अंतर दिसतं आणि मन बिथरतं. मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्ये याला रिॲलिटी शॉक म्हटलं. पुढे पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या मांडल्या. त्यांच्या मते एकाच प्रकारच्या विभागात दोन-तीन वर्षं काढल्यावर नर्स सक्षम म्हणावी अशा पायरीवर पोचते. त्यांचा आणखी एक मुद्दा निर्णय घेताना फार उपयोगी आहे: विभाग बदलला की अनुभवी नर्सही काही अंशी पुन्हा नवशिकी होते. म्हणून दर आठ महिन्यांनी विभाग बदलणारी कायम पहिल्या पायरीवर राहते. एका जागी मूळ धरा, मग हला. छळ किंवा असुरक्षित काम असेल तर मात्र वर्ष पुरं करण्यासाठी थांबू नका.

विभाग निवडताना त्याच्या नावापेक्षा त्यातला दिवस बघा. आयसीयूत एक-दोनच रुग्ण असतात, पण दर तासाला नोंदी, सतत अलार्म, आणि रुग्ण बहुधा बोलत नाही. डायलिसिसमध्ये तेच रुग्ण आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षं येतात. नातं जुळतं, त्यामुळे त्यांचं जाणंही मनाला लागतं. ओटीत तासन्‌तास उभं राहणं, मोजणी, निर्जंतुकीकरणाची शिस्त. सामुदायिक आरोग्यात चालणं भरपूर आणि निर्णय एकटीने. संसर्ग-नियंत्रणात आकडे, ऑडिट आणि लोकांना न आवडणाऱ्या गोष्टी वारंवार सांगण्याची चिकाटी. शिकवण्यात रुग्णापासून दुरावा येतो, पण एकेका बॅचमधून शेकडो रुग्णांपर्यंत पोचता. परवानगी काढून त्या विभागात एक पूर्ण शिफ्ट बघा. मग तिघांशी बोला: तिथे दोन वर्षं काम करणारी, तिथून सोडून गेलेली, आणि तिथली इन्चार्ज. यातली दुसरी सगळ्यात उपयोगी बोलते.

अनुभव सांगता आला पाहिजे, म्हणून लॉगबुक ठेवा. कोणती प्रोसिजर, किती वेळा, देखरेखीखाली की स्वतंत्र, कोणतं प्रशिक्षण, प्रमाणपत्राची मुदत कधी संपते. रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल असं काही लिहू नका. मुलाखतीत "मी मेहनती आहे" यापेक्षा एक प्रसंग सांगा: रुग्णात काय बदल दिसला, तुम्ही काय तपासलं, डॉक्टरांना कोणत्या शब्दांत कळवलं, पुढे काय झालं. एसबीएआरच्या क्रमाने, म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस असं मांडलं तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं की ही वॉर्डात कशी वागत असेल.

परदेशी जायचं असेल तर क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी त्या देशाच्या नर्सिंग नियामकाच्या संकेतस्थळावर तुमची पात्रता बसते का ते स्वतः वाचा. मग भाषेची परीक्षा, नोंदणीची पडताळणी, व्यावसायिक परीक्षा. भाषेचे गुण साधारण दोन वर्षंच ग्राह्य धरतात, त्यामुळे कागदपत्रं तयार नसताना घाईने परीक्षा देऊ नका. भरतीचं शुल्क कामगाराकडून घेऊ नये, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं तत्त्व आहे. एजंट मोठी रक्कम किंवा मूळ प्रमाणपत्रं मागत असेल तर तिथेच थांबा. करारात पद काय आहे, नर्स की सहायक, आठवड्याचे तास किती, आणि मुदतीआधी सोडल्यास किती भरावं लागेल, या तीन ओळी शोधून वाचा. तोंडी आश्वासन ईमेलवर लिहून मागा.

सोडायचं ठरलंच तर नवं नियुक्तीपत्र हातात आल्यावर राजीनामा द्या, लेखी, पोच घेऊन. नोटिशीच्या काळात कामात ढिलाई नको, पडताळणीच्या फॉर्मवर पुढे सही याच लोकांची लागते. निघण्यापूर्वी अनुभव-प्रमाणपत्रावर विभागाचं नाव आणि तारखा नीट आहेत का बघा. लसीकरणाची नोंद, टायटर, सुई टोचल्याच्या घटनेचे आणि तुमच्या सगळ्या तपासण्यांचे रिपोर्ट मागून घ्या आणि नव्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात तिथल्या कर्मचारी-आरोग्य विभागाकडे प्रती द्या. सुई टोचल्यानंतरच्या एखाद्या तपासणीची तारीख नोकरी बदलण्याच्या काळात येत असेल, तर ती आधीच ठरवून घ्या. बदलाच्या गडबडीत तीच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते.